उशीर कुणी केला?

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना विचारा, ‘टार्डी’ हा शब्द त्यांना पक्का ठाऊक असतो. घंटा झाल्यावर वर्गात पाऊल टाकलं की नोंद होते : टार्डी. पुढे मुलाचं नाव, तारीख, वेळ. लॅटिनमधला ‘टार्डस’ म्हणजे मंद, हळू चालणारा. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि शाळेच्या हजेरीत जाऊन बसला. सात वर्षांच्या पोराचा चार मिनिटांचा उशीरही त्याच्या नावावर चढतो.

आपल्या सरकारी कचेरीत उशिरासाठी दुसराच इंग्रजी शब्द चालतो : पेंडिंग. ‘तुमचं प्रकरण पेंडिंग आहे.’ या वाक्यात ना कुणाचं नाव, ना तारीख. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ लटकणं, लोंबणं. घड्याळाच्या पेंड्युलमचं मूळही तेच. आपल्या संस्कृतातून आलेल्या ‘विलंब’मध्येही ‘लंब्’ म्हणजे लोंबणंच आहे. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांना उशीर म्हणजे लोंबकळत राहिलेलं काम असंच वाटलं. फक्त ते लोंबकळत कुणी ठेवलं, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत.

ते सांगायला भाग पाडणारा कायदा महाराष्ट्रात आहे. तो मिळवण्याच्या लढाईचं मोठं ठाणं होतं पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी.

पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला आत वळलं की हे गाव लागतं. नळ, बंधारे, यादवबाबांचं मंदिर, दारूबंदी, आदर्श गाव ही त्याची ओळख आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. लष्करातून १९७५ साली गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी पुढे १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभं केलं, हेही सगळ्यांना माहीत. दिल्लीच्या रामलीला मैदानावरचं २०११ चं उपोषण तर देशाने टीव्हीवर पाहिलं. पण त्याआधी याच आंदोलनाने महाराष्ट्र सरकारकडून दोन गोष्टी मिळवल्या. एक, माहितीचा अधिकार. तो लोकांना ठाऊक आहे, लोक तो वापरतात. दुसरी, दप्तर-दिरंगाईविरोधी कायदा. तो फारसा कुणाला ठाऊक नाही. ठाऊक नसावा यात ज्यांचं भलं आहे, त्यांनी तो कचेरीच्या भिंतीवर कधी लावलाही नाही.

नाव लांबलचक आहे, पण एकदा नीट वाचा : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. १ जुलै २००६ पासून लागू. बदल्या आणि विलंब एकाच कायद्यात का, असा प्रश्न पडेल. कारण दोन्ही दुखणी एकमेकांना पोसतात. साहेब आठ महिन्यांत उचलला गेला की त्याच्या टेबलावरच्या फायली नव्या साहेबाची वाट बघत बसतात. नवा साहेब येतो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागतो. म्हणून एका जागी साधारण तीन वर्षं आणि एका टेबलावर ठरावीक दिवस, असं दोन्हींचं माप या कायद्याने एकत्र बांधलं.

ते दिवस किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ हवं. कलम १० सांगतं : सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. अगदी तातडीची असेल तर शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली. त्याखालच्या तातडीची असेल तर चार दिवसांत. दुसऱ्या विभागाला विचारण्याची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय आणि कार्यवाही. विचारण्याची गरज असेल तर तीन महिन्यांत. फाईल फार तर तीन टप्प्यांतून वर जावी, असंही हाच कायदा म्हणतो. आणि हेतुपुरस्सर विलंब किंवा हयगय केली तर ती कर्तव्यातली कसूर, म्हणजे शिस्तभंगाची कारवाई.

सात दिवस. आता तुमच्या स्वतःच्या शेवटच्या सरकारी कामाचा हिशेब घाला.

या कायद्याचे नियम कधी आले? २०१३ साली. विलंब रोखण्याच्या कायद्याला स्वतःचे नियम मिळायला सात वर्षं लागली. कायद्याला विरोध करायचा असेल तर सभागृहात उभं राहून बोलावं लागतं, मत द्यावं लागतं, नाव छापून येतं. नियमच न करणं मात्र गुपचूप जमतं. म्हणून सत्तेला विरोधापेक्षा उशीर नेहमीच स्वस्त पडतो.

लोकपालाचं बघा. पहिलं विधेयक संसदेत आलं १९६८ साली. कायदा मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये, अण्णा राळेगणमध्ये उपोषणाला बसलेले असताना. पंचेचाळीस वर्षं. १ जानेवारी २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, १६ जानेवारीला कायदा अंमलात आला. मग तरी लोकपाल नेमला असेल? नाही. २०१९ च्या ३० जानेवारीला अण्णा पुन्हा राळेगणमध्ये उपोषणाला बसले, ५ फेब्रुवारीला ते सुटलं, आणि मार्चमध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष पहिले लोकपाल झाले. पाच वर्षं देशात लोकपालाचा कायदा होता आणि लोकपाल नव्हता. ‘नको’ असं या पाच वर्षांत कुणीही म्हणालं नाही. सगळे ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच म्हणत होते.

राज्यातही तेच. लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्येच करणारा हा महाराष्ट्र. नवं, जास्त ताकदीचं विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलं. विधान परिषदेने ते मंजूर केलं डिसेंबर २०२३ मध्ये. एकाच विधिमंडळाची दोन सभागृहं. त्यांच्यातलं अंतर ओलांडायला विधेयकाला जवळजवळ वर्ष लागलं. तिथे ही तऱ्हा, तर तहसील कचेरीत काय असेल?

तर चला तहसील कचेरीत.

घरातला कर्ता माणूस गेला. सातबारावर वारसांची नावं लावायची आहेत. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आता फेरफाराची नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वाट साधी आहे, मुदतही ठरलेली आहे. पण नोटीसच निघत नाही. पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. बाई चकरा मारते. ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘निवडणुकीचं काम आहे.’ ‘पुढच्या आठवड्यात या.’ नाव लागल्याशिवाय सोसायटी तिच्या नावावर पीककर्ज देत नाही. शेताचं अनुदान अडतं. पेरणी काही साहेबांच्या मीटिंगसाठी थांबत नाही, म्हणून ती सावकाराकडे जाते. त्या कर्जाचं व्याज म्हणजे एका फायलीच्या उशिराची किंमत. ती भरते ती बाई. ज्याने उशीर केला, त्याचा पगार एक तारखेला जमा होतो.

मराठीत ‘उशीर झाला’ आणि ‘उशीर केला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एसटी घाटात बंद पडली, उशीर झाला. पाऊस लांबला, पेरणीला उशीर झाला. आणि ज्याला खरोखर उशीर झाला आहे त्याला सांभाळून घेण्याचं शहाणपण राळेगणकडे आहे. इतर शाळांनी नापास म्हणून दारातून परत पाठवलेल्या मुलांना हक्काची जागा देणारी शाळा याच गावाने चालवली. मागे पडलेल्या पोराला इथे शिक्का मिळाला नाही, बाक मिळाला. त्या बाईच्या फायलीला मात्र उशीर झालेला नाही. तो केलेला आहे. तिथे दयामाया दाखवायची ती बाईला, टेबलाला नाही.

राळेगणच्या डोंगरउतारावर हिंडलात की हा फरक आणखी कळतो. तिथे पाणी अडवलेलं आहे. समतल चर, नाला बांध, पाझर तलाव. धावत निघालेलं पाणी मुद्दाम रोखून जमिनीत जिरवलं, तेव्हा विहिरींना पाणी आलं. पण कुठला बांध आपोआप पडला? जागा कुणी तरी ठरवली, माती कुणी तरी उचलली. फायलीच्या वाटेतही बांध असतो आणि तोही कुणी तरी घातलेला असतो. गावाने पाणी अडवलं ते सगळ्यांच्या विहिरींसाठी. फाईल अडवली जाते ती एकाच्या खिशासाठी, किंवा एकाच्या आळसासाठी, किंवा सही केली तर उद्या चौकशी लागेल या एकाच्या भीतीसाठी. तिन्ही कारणांना माणसाचं नाव असतं.

ते नाव बाहेर काढायचं कसं? दहा रुपयांत निघतं.

पहिली गोष्ट पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचाच. आणि शिक्का नीट बघायचा. गोल शिक्का जांभळ्या शाईत ठसठशीत उठलेला असतो, कचेरीचं नाव वाचता येतं, आणि नेमकी मधली तारखेची जागा कोरी असते. कधी आवक क्रमांक नसतो, कधी सही नसते. तारीख नसलेली पोच म्हणजे कागदावरची शाई. सात दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. म्हणून टेबलासमोरून हलायचं नाही : ‘भाऊसाहेब, तारीख टाका, आवक नंबर टाका, सही करा.’ आवाज चढवायची गरज नाही. पण या तीन गोष्टी झाल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

दुसरी गोष्ट माहितीचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तेवढंच बसतं आणि तेवढं पुरतं. प्रश्न असे : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या दिवशी काय कार्यवाही झाली? तो कोणत्या तारखेला कुणाकडे आला आणि कोणत्या तारखेला पुढे गेला? त्या प्रत्येकाचं नाव आणि पदनाम काय? सात दिवसांपेक्षा जास्त काळ तो ज्यांच्याकडे राहिला, त्यांच्यावर विलंबाच्या कायद्यानुसार काय कारवाई केली?

या चार ओळींनी काय होतं ते बघा. ‘प्रकरण पेंडिंग आहे’ हे उत्तर चालेनासं होतं. तारखा लिहाव्या लागतात, नावं लिहावी लागतात. पुष्कळदा उत्तर यायच्या आधी मूळ कामच होऊन येतं. कारण आपलं नाव कागदावर चढण्यापेक्षा काम उरकणं सोपं. ज्या शाळकरी पोराचा चार मिनिटांचा उशीरही नोंदला जातो, त्याच्या आजीची वारसनोंद अडवणाऱ्याचं नाव नोंदवायला दहा रुपयांचा स्टॅम्प लागावा, हे चीड आणणारं आहे. पण निदान स्टॅम्पची वाट आहे. ती वापरा.

तिसरी गोष्ट लोकसेवा हक्क. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवांना मुदत घालून देतो. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, हे फलकावर लिहिणं कचेरीला बंधनकारक आहे. मुदत चुकली, योग्य कारण नसलं, तर अपील आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. तो फलक शोधा. दाराआड, कपाटामागे, कुलूपबंद खोलीत असेल तर फोटो काढा आणि वरच्या साहेबांना पाठवा.

आता कचेरीतल्या माणसांची बाजू. ती आहे, आणि ती खरी आहे. एका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे आपली गावं सांभाळून शेजारच्या रिकाम्या सजाचाही भार असतो. वर पंचनामे, निवडणुका, मतदार याद्या, दर महिन्याला नवी मोहीम आणि नवं पोर्टल. मन लावून काम करणारे लोक मी या कचेऱ्यांत पाहिले आहेत, संध्याकाळी सात वाजता दिवा लावून बसलेले. त्यांच्यासाठीच सांगतो : कारण खरं असेल तर ते फायलीवर लिहा. ‘पद रिक्त आहे, म्हणून विलंब.’ ‘सर्व्हर तीन दिवस बंद.’ सही करा, तारीख टाका. अशी शंभर टिपणं एका जिल्ह्यातून वर गेली तर भरती न करणाऱ्या मंत्रालयाचा उशीरही उघडा पडेल. तोंडी कारण सांगितलं की त्याला सबबीची कळा येते आणि प्रामाणिक माणूस चुकाराबरोबर एकाच माळेत ओवला जातो. लिहिलेली तारीख प्रामाणिक कर्मचाऱ्याची ढाल आहे.

लेखी हिशेबाचं बळ माहितीच्या कायद्यात दिसतं. उत्तराला ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. योग्य कारणाशिवाय मुदत उलटली तर माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये दंड, कमाल २५,००० रुपये. रिक्षाच्या मीटरसारखा तो आकडा पळतो, आणि तो सरकारी तिजोरीतून भरायचा नसतो. म्हणून त्या कायद्याची भीती बसली. आणि ती भीती कुठून मोडली, तेही बघा. कायद्याने दुसऱ्या अपिलाला मुदतच घातली नाही. महाराष्ट्राच्या माहिती आयोगात २०२३ साली एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. जिथे मुदत लिहिली नाही, नेमकी तिथेच रांग साचली. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

विलंबाच्या कायद्यातही अशा भेगा आहेत. ‘सर्वसाधारणपणे’ हा एक शब्द, आणि ‘हेतुपुरस्सर’ हा दुसरा. सात दिवसांचे सत्तर झाले तरी ‘सर्वसाधारण परिस्थिती नव्हती’ म्हणता येतं. हेतू सिद्ध करायचा म्हटलं तर मनात शिरावं लागतं. शिवाय कारवाई करायची कुणी? त्याच कचेरीतल्या वरिष्ठाने. पुष्कळदा त्या वरिष्ठाच्या टेबलावरही तीच फाईल वीस दिवस राहिलेली असते. तो खालच्यावर बोट कसं उचलेल?

म्हणून तीन मागण्या, स्पष्ट.

एक, विलंबाच्या कायद्यात रोजच्या हिशेबाने दंड आणा, माहितीच्या कायद्यात आहे तसा. हेतू शोधत बसू नका. मुदत उलटली, लेखी कारण नाही, दंड सुरू.

दोन, प्रत्येक निर्णयाच्या पत्राखाली फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती याचा तक्ता छापा. ई-ऑफिसमध्ये फाईल कधी आली, कधी गेली, याची नोंद आपोआप होते. ती माहिती यंत्रात आहेच. ती नागरिकाला न मागता द्या. दहा रुपयांचा स्टॅम्प तरी त्याने का लावावा?

तीन, आयोगांवरच्या नेमणुकांना मुदत घाला. लोकायुक्त, माहिती आयुक्त, सेवा हक्क आयुक्त. खुर्ची रिकामी ठेवून कायदा मारण्याची जुनी रीत बंद करा.

यातली एकही मागणी खर्चाची नाही. धरण बांधायचं नाही, कर वाढवायचा नाही. फक्त उशिराच्या पुढे एक नाव लिहायचं आहे. एवढ्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या, ऐंशीच्या घरात पोचलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा उपाशी बसावं, ही या राज्याला शोभणारी गोष्ट नाही. अण्णांच्या सगळ्या भूमिका कुणाला पटोत न पटोत. कायदा ते मिळवून देऊ शकले, तो वापरणं त्यांच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे. पारनेरच्या कचेरीत, परभणीच्या, पालघरच्या.

येत्या सोमवारी ज्याचं काम अडलं आहे त्याने एकच करावं. जुना अर्ज काढावा, त्यावरची तारीख बघावी, सात दिवस मोजावेत आणि कलम १० चा उल्लेख करून एक पानी पत्र कार्यालयप्रमुखाला द्यावं. पत्रात एकच प्रश्न असावा : उशीर कुणी केला? उत्तर लेखी मागावं. कायदा तुमच्या बाजूचा आहे. तो तसाच पडून राहिला, तर त्या उशिरापुढे आपलंही नाव लागेल.